माझे नाव उताक्किविक

मी एक जुने द्वीपकल्प आहे. ग्रीनलंडच्या पूर्व किनाऱ्यावरून समुद्रात घुसलेले, तीन बाजूंनी लाटांचा मार खाऊनही मागे न सरलेले. माझ्या आडोशाला शिकारी वादळ सरण्याची वाट पाहत बसत. म्हणून त्यांनी मला 'उताक्किविक' म्हटले, म्हणजे वाट पाहायची जागा.

मित्रांनो, एका हिवाळ्यात बर्फाने कॅप्टन व्हेस्टरबोरचे जहाज चिरडले. तो रांगत माझ्या किनाऱ्याला लागला. इवालू नावाच्या म्हातारीने त्याला सीलचे मांस भरवले, त्याच्या काळ्यानिळ्या पायांसाठी कातड्याचे बूट शिवले. वसंतात तेच बूट घालून तो माझ्या माथ्यावर चढला आणि त्याने झेंडा रोवला.

"आजपासून या भूमीला माझं नाव," तो म्हणाला.

"तिला नाव आहे की. हिवाळाभर ऐकतोयस," इवालू म्हणाली.

"ते नकाशात कुठे आहे?"

"मग घाल नकाशात. लिहिता येतं ना तुला?"

त्याने स्वतःचेच नाव लिहिले. माणूस वाईट नव्हता, निघताना रडलाही. पण त्याचा झेंडा मी पहिल्याच वादळात समुद्राला देऊन टाकला.

नकाशा मात्र टिकला. शाळेत मुले त्याचे नाव घोकू लागली. माझे नाव घरांत आणि होड्यांत उरले.

पुढे कित्येक वर्षांनी, भर वादळात तोबियासच्या होडीचे इंजिन बंद पडले. "उताक्किविकपाशी आहोत, पाणी आत येतंय," त्याने रेडिओवर सांगितले. बंदरावरचा नवा अधिकारी ते नाव नकाशात शोधत बसला. शेवटी तोबियासची बायको पिपालुक धावत आली. तिने जागा दाखवली.

"त्यानं 'व्हेस्टरबोर' म्हटलं असतं तर केव्हाच निघालो असतो," अधिकारी चिडून म्हणाला.

"बुडणारा माणूस आईनं शिकवलेलंच नाव घेतो. चला आता."

तोबियास वाचला. होडीत त्याचा धाकटा भाऊही होता; त्याला मात्र मी लाटांपासून वाचवू शकले नाही.

त्या उन्हाळ्यात पिपालुकने माझ्या कड्यावर लाल रंगाने माझे नाव लिहिले, दूरच्या होडीतूनही दिसेल एवढे मोठे. शिडी त्या अधिकाऱ्यानेच धरली होती.

मित्रांनो, कुठल्याही नव्या भूमीवर पाय ठेवाल, तेव्हा तिथल्या माणसांना तिचे नाव विचारा आणि तेच जपा. माझे नाव पुसायला पुन्हा कोणी येणार असेल, तर त्याने खुशाल यावे. माझा खडक खरखरीत आहे. त्यात मुरलेला रंग निघत नाही.