भुश्शाची भाजी

दवाखान्यात सुताराच्या बायकोनं डब्याचं झाकण उचललं, तोच सिस्टर धावत आल्या.

"अहो बाई, बंद करा तो डबा! त्यांना पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही."

"देत नाहीये हो. म्हटलं, नुसता वास घेऊ देत. तेवढंच बरं वाटेल."

सिस्टरांनी कपाळावर हात मारला. डॉक्टरांनी मात्र शांतपणे समजावलं. करवतीवरून उसळलेली फळी सुताराच्या पोटात बसली होती आणि आत स्वादुपिंडाला चीर गेली होती. अन्नाचा नुसता वास आला तरी ते पाचक रस सोडायला लागतं, आणि तो रस चिरेतून झिरपला की आतलंच मांस जाळतो. त्याला विश्रांती मिळाली तर चीर आपोआप भरेल. नाही भरली, तर पोट उघडावं लागेल.

"मग औषध काय?"

"सलाइन, ही नाकातली नळी, आणि धीर."

धीर म्हणे! जन्मभर जिनं माया ताटातच वाढली, तिला रिकाम्या हातानं बसवायचं म्हणजे शिक्षाच की. तिनं डबा शेजारच्या कॉटवरच्या आजोबांच्या मुलीला देऊन टाकला आणि पुन्हा कधी आणला नाही.

सुतार मात्र रोज संध्याकाळी कोरडे ओठ चाटत विचारायचा, "आज काय केलंस गं?"

"भुश्शाची भाजी."

"आणि?"

"वर खिळ्यांची फोडणी. मेले जरा जास्तच पडले."

"हसवू नकोस गं, पोट दुखतं."

तो पोट धरून हसायचा. ती चादर सारखी करण्याच्या निमित्तानं पाठ वळवून डोळे पुसायची. पोट उघडलं तर हा माणूस परत घरी येईल ना, हे कुणाला विचारायची तिची छाती होत नव्हती.

मग एका सकाळी डॉक्टर रिपोर्ट घेऊन हसतच आले.

"रस झिरपायचा थांबलाय. ऑपरेशनची गरज नाही."

सिस्टरांनी नाकातली नळी काढली. आधी पाणी द्यायचं होतं, चमच्या-चमच्यानं. बायकोनं घाईनं उचललेला पहिला चमचा चादरीवरच सांडला. दुसरा तिनं त्याच्या ओठांशी नेला. त्यानं तिचं मनगट धरलं, बोटं नाकाशी नेली आणि तोंड मिटून घेतलं.

"अहो, पाणीच आहे. भुसा नाही."

"हाताला लसणाचा वास नाही."

लग्न झाल्यापासून तो वास साबणानंही कधी गेला नव्हता.

"घरात चूल कधीपासून बंद आहे?"

"एकटीसाठी कोण पेटवतं?" ती पुटपुटली. "चहावर भागतं माझं."

"जा, आधी पोटभर जेवून ये. मग पितो."

"वेडे आहात का? इतके दिवस घसा सुकलाय तुमचा!"

"मग अजून थोडा सुकेल."

सिस्टरांनी तिचा दंड धरला आणि आपल्या डब्याकडे नेलं. सुतार पाण्याच्या पेल्यावर तळहात ठेवून दाराकडे बघत पडून राहिला.