आगगाडीच्या चित्रातला कुशाबा

“रुपाली, हात आवर! बडवू नको ती गोधडी!”

येडगावच्या धरणाकाठी सुंदराबाई ओरडली, तोवर धोपटणं चार वेळा तरी बसलं होतं. सुनेच्या हातातल्या ओल्या घडीतून रंगीत कागदाचे पोपडे सुटून पाण्यावर चालले होते.

“काय झालं, आत्या?”

“काय झालं म्हणून काय इचारती? मामंजीच धुतलं की गं तू माझं!”

चूक खरी सुंदराबाईचीच. रेल्वेची ती जुनी जाहिरात, ‘घाट बघायला या’ म्हणून शहरातल्या लोकांना बोलावणारी, कापडावर डकवलेली. मोड पडू नये म्हणून ती तिला गोधड्यांच्या थप्पीत पसरून ठेवायची. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुवायचं, तेव्हा आठवणीनं बाहेर काढायची. यंदा गुडघ्यांनी दगा दिला, अन् थप्पी सुनेनं उचलली.

चित्रात धूर सोडणारी आगगाडी, आणि खाली मेंढरांपुढं उभा लाल पागोट्याचा धनगर. तो तिचा सासरा, कुशाबा. घाटात कुणा साहेबानं समोर उभा करून काढलेला. नवरा ज्योतिबा पोटात असतानाच कुशाबा वारला. फोटो एक नाही. ज्योतिबाला बाप ठाऊक होता तो एवढाच.

सुंदराबाईनं कापड उलगडलं. इंजिन गेलेलं. इंग्रजी अक्षरं गेलेली, निम्मा डोंगरही. पण खाली पागोटं होतं, मिशा होत्या, खांद्यावरची काठी होती. दर सर्वपित्रीला आधी सासूनं, मग तिनं, कुशाबाच्या तोंडाला तुपाचं बोट लावलं होतं. ते तूप मुरत मुरत पागोट्या-काठीपर्यंत पसरलेलं. तेवढ्या तुपकट कागदाला पाणी शिवलंच नव्हतं.

“वाचलं गं बाई!” ती मटकन दगडावर बसली आणि तिला रडूच कोसळलं.

मेंढरं पाण्यावर आणलेला ज्योतिबा जवळ आला.

“अवो, माझ्या हातनं चुकलं,” सुंदराबाई कशीबशी म्हणाली.

म्हाताऱ्यानं बराच वेळ चित्र निरखलं.

“गाडी गेली व्हय?”

“गेली.”

“जाऊ दे. तिच्यात त्याला कुणी बसवलं व्हतं?”

रुपालीला हसू फुटलं, पाठोपाठ सुंदराबाईलाही.

कापड खडकावर वाळत घातलं. ऊन चांगलंच तापलं होतं. सुंदराबाईनं भाकरीचं फडकं सोडलं आणि हाक मारली, “या की, खाऊन घ्या!”

“तुमी खावा. त्याला ऊन लागतंय,” ज्योतिबा म्हणाला, आणि आपल्याहून कितीतरी तरण्या बापाच्या तोंडावर सावली धरून उभा राहिला.