हात्सुएचा दुसरा पेला

तोकुजीने घोट जिभेवर घोळवला, नाकातून श्वास सोडला आणि तोंडातली साके शेजारच्या बादलीत थुंकली. साकेच्या कारखान्याच्या अंगणातली माणसं त्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

हिवाळ्यात गाळलेली ही तांदळाची दारू उन्हाळाभर टाकीत मुरली होती आणि आज, भातकापणीच्या तोंडावर, पहिल्यांदा बाहेर आली होती. अठ्ठावीस वर्षं इथली साके तोकुजीच्या देखरेखीखाली तयार होत असे. गेल्या साली गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याची जागा मिनोरीला मिळाली. त्याच्याच हाताखाली शिकलेली पस्तिशीची बाई. तिची ही पहिली साके.

"बोला उस्ताद," कारखान्याचे मालक इगाराशी म्हणाले. "पोरीनं नाव राखलं की घालवलं?"

साके कोरडी होती, गोडव्याचा मागमूस नव्हता. थुंकल्यावरही टाळूवर एक बारीक धग आणि नव्या तांदळाचा वास रेंगाळत होता. चवीचा हा शेवट साधावा म्हणून तोकुजीने किती हिवाळे घालवले होते, ते त्यालाच ठाऊक.

"पाणचट आहे," तो म्हणाला. "येते तशी जाते. शिकेल हळूहळू."

कोणीतरी खिदळलं. मिनोरीने वाकून नमस्कार केला आणि पेले पुसायला घेतले. पुसलेलाच पेला ती पुन्हा पुसत होती.

तोकुजीची बायको हात्सुए शेगडीजवळ बसली होती. तिने भाजलेल्या माशाचा तुकडा किसलेल्या मुळ्यासकट तोंडात टाकला, वर उरलेली साके रिचवली आणि पेला पुढे केला.

"मिनोरी, अजून दे गं. माशावर काय लागते ही!"

"घ्या! उस्तादांच्या घरातच फितुरी!" शेजारचा म्हातारा ओरडला. या वेळी सगळेच हसले.

तोकुजी उठला. "चल घरी."

नदीवरच्या पुलापर्यंत तो तिच्या दोन पावलं पुढेच चालत होता. हात्सुएचे गाल लाल झाले होते.

"अठ्ठावीस वर्षं," तो शेवटी म्हणाला, "माझ्या साकेचा एक घोट घ्यायचीस आणि 'छान झालीय' म्हणून पेला खाली ठेवायचीस. आज चारचौघांत मागून प्यालीस."

"मग?"

"मग काय! इतकी वाईट करायचो मी?"

"वाईट? सगळा गाव नावाजत होता." ती चालायची थांबली. "पहिलं बर्फ पडायच्या आत तुम्ही वळकटी उचलायचात. घर इथं नदीपलीकडे, पण पाच महिने मुक्काम कारखान्यात, त्या साकेपाशी. रात्री तीनदा उठून तिला बघायचात. आपल्या पोराला, केन्ताला, गोवर निघाला तेव्हा निरोप धाडला, तर म्हणालात, आज ती नाजूक अवस्थेत आहे, सोडून येता येत नाही."

तोकुजीने नदीकडे पाहिलं.

"सवतच ती माझी. तिला कोणी चवीनं पितं का हो? घोट घशाखाली उतरायचा नाही माझ्या." तिने हसू लपवावं तसं तोंडावर हात धरला, पण ती हसत नव्हती. "मिनोरीच्या साकेनं माझं काही नेलं नाही. म्हणून कळली तरी चव कशी असते ते."

शेतात कापणीचं यंत्र घरघरत फिरत होतं. ते बांधापर्यंत जाऊन वळेतो तोकुजी कठडा धरून उभा राहिला. मग उलट पावली निघाला.

"आता कुठं?"

"तू हो पुढं. आलो."

मिनोरी आतल्या खोलीत टाकीची नळी धूत होती.

"पाणचट नाहीये ती," दारातूनच तो म्हणाला. "मला नाही कधी साधलं असं."

"ठाऊक आहे, उस्ताद." तिने मान वर केली नाही. "तुम्हालाही ठाऊक होतं. बाहेरच्यांना नाही."

पाणी वाहतच राहिलं. अंगणातून हसण्याचे आवाज येत होते. त्यातलं एखादं हसू त्याच्या 'पाणचट'वरून असावं.

तोकुजीने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तो माणसांच्या दिशेने चालू लागला.