सहाही दिवे हिरवे

तेजस्विनीनं टोमॅटोचं एक पान तळहातावर उलगडून पाहिलं. सोडताच ते पुन्हा सुरळीसारखं मिटलं. तिनं बांधावर ठेवलेल्या लॅपटॉपवर आलेख परत उघडला. सहाही सेन्सर सांगत होते, माती ओली आहे.

"म्याडम, तुमच्या मशिनीला म्हनावं जरा वर मान करून बघ," भिमाजी म्हणाले. "झाडं माना टाकाय लागली."

स्वर चेष्टेचा असला तरी पीक त्यांचं होतं. अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली ही पोरगी प्रयोगासाठी पिंपळवंडीत आली, तेव्हा त्यांनी चार सऱ्या बिनबोभाट दिल्या होत्या. मातीत सहा खुंट्या रोवल्या, प्रत्येकीत एक सेन्सर आणि वर एक दिवा: माती कोरडी असली की लाल, ओली असली की हिरवा. रोज सकाळी सातला खुंट्या एकमेकींकरवी, बिनतारेनं, ओलाव्याचा आकडा घराकडच्या डबीला कळवत. माती कोरडी असली तरच ठिबक सुरू होई. तीन आठवड्यांत ते जेमतेम चारदा चाललं होतं. पाण्याची एवढी बचत पाहून कॉलेजातले तिचे मार्गदर्शक सर बेहद्द खूश होते. सोमवारी प्रबंध द्यायचा होता आणि तेजस्विनीला हा निकाल अगदी मनापासून हवा होता.

पण ती मिटलेली पानं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ती पहिल्या एसटीनं साडेसहालाच शेतावर पोचली.

भिमाजींची बायको धोंडाबाई कळशी घेऊन सरीत वाकली होती. खुंटीवर लाल दिवा होता. तिनं बुडाशी तांब्याभर पाणी ओतलं, दिवा हिरवा होईपर्यंत थांबली आणि पुढच्या खुंटीकडे निघाली.

"मावशी, हे काय करताय?"

धोंडाबाई ओशाळून हसली. "रोजच घालते. गुडघं धरलं की मातर राहून जातं. लाल म्हंजी नापास ना? तुजी मशीन सातला मार्क घेती, म्हनून आदीच हिरवं करून ठेवते. तुज्या म्हेनतीचं वाटोळं व्हाया नगं."

तेजस्विनीनं खाली बसून खुंटीच्या बुडाची ओली माती चिमटीत घेतली. हसावं की रडावं, कळेना. खुंट्या ओल्या म्हणून ठिबक बंद, आणि ठिबक बंद म्हणून झाडं तहानलेली. बचत सगळी खोटी होती. हे त्या दोघींखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. गप्प राहायचा मोह तिला झाला, चांगलाच झाला.

मग तिनं उठून ठिबकची चावी हातानं सोडली. आठ वाजता सरांना फोन लावला.

"सर, तीन आठवड्यांचे आकडे चुकलेत. प्रयोग पुन्हा करावा लागेल."

सर बराच वेळ बोलत होते. ती नुसती "हो सर" म्हणत राहिली. फोन ठेवला तेव्हा धोंडाबाई चहा घेऊन शेजारी उभी होती.

"झालीस ना पास?"

तेजस्विनीला तिच्यावर रागावता येईना. "नाही मावशी. पुन्हा बसते."

"पुन्यांदा बसू देत्यात?"

"देतात की."

धोंडाबाईनं चहा बांधावर ठेवला. "आमच्या थोरलीला धाव्वीच्या निकालात एकच लाल रेघ व्हती," ती म्हणाली. "तिला आमी पुन्यांदा बसूच दिलं न्हाई."