तिसरी किल्ली

"काकू, किल्ल्या सगळ्या इथं बॉनेटवर ठेवा. घरात असतील नसतील तेवढ्या."

काकूंनी दोन ठेवल्या. एक स्वतःची, वापरून गुळगुळीत झालेली. दुसरी कालच दुकानात जाऊन कापून आणलेली, कोरी करकरीत.

"आणि तिसरी?" किल्लीवाल्यानं विचारलं.

"हरवली, सांगितलं ना मी काल."

"कशी हरवली?"

आता हरवलेल्या वस्तूबद्दल कशी हरवली असं विचारणारा माणूस भेटला, की आपलं काही खरं नाही असं समजावं. काकूंनी खिडकीकडे पाहिलं. पडदा हलत नव्हता. आत काका झोपले होते, आणि ती हरवलेली किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात, वर सेफ्टी पिन लावून, त्यांच्याबरोबरच झोपली होती.

"बाजारात," त्या म्हणाल्या.

किल्लीवाला चाळिशीचा, हडकुळा माणूस. चष्मा डोळ्यांवर कमी आणि कपाळावर जास्त. त्यानं काकूंकडे जरा रोखून पाहिलं आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून मशीनची वायर स्टिअरिंगच्या खाली जोडली.

"विचारतो अशासाठी, की हे लावलं की गाडी आधी जुन्या सगळ्या किल्ल्या विसरते. मग समोर असतील तेवढ्याच नव्यानं ओळखते. कमीत कमी दोन लागतात, म्हणून तर तुम्हाला नवी कापायला लावली. जी समोर नाही ती मेली. दार उघडेल, किल्ली फिरेल, दिवेसुद्धा लागतील. पण इंजिन? हूं की चूं करायचं नाही."

"कळलं," काकू म्हणाल्या. कळलं होतं म्हणूनच तर त्याला बोलावलं होतं.

"मागं एकानं मला असंच सांगितलं, एक किल्ली हरवलीय. मी केलं काम. ती किल्ली होती त्याच्या बायकोकडे. बाई तान्ह्या पोराला घेऊन भर उन्हात दोन तास पार्किंगमध्ये. नवराबायकोचं भांडण, आणि खडे कुणाच्या नावानं फोडले? माझ्या! तेव्हापासून नियम केलाय. माणसाला त्याच्याच गाडीबाहेर काढायचं काम आपण करत नाही. तोंडानं सांगा, दोनच आहेत."

"दोनच आहेत," काकू म्हणाल्या.

मशीनवर आकडे उलटे धावू लागले. गाडीच्या डॅशबोर्डवर कुलपाचा छोटा लाल दिवा उघडझाप करू लागला. "दहा मिनिटं नुसतं बसायचं," किल्लीवाला म्हणाला, "गाडी विचार करते."

अडीच वाजले होते. काका जेवून आडवे झाले की साडेतीनपर्यंत उठत नसत. पण नसत म्हणजे पूर्वी नसत. हल्ली त्यांचं कशाचंच खरं नव्हतं. कधी पहाटे चारला बूट घालून बसत, कधी दोनदा जेवत आणि तिसऱ्यांदा ताट मागत. काकू फाटकाला धरून उभ्या राहिल्या. एक डोळा मशीनवर, एक पडद्यावर, आणि जीव टांगणीला.

चौतीस वर्षं काकांनी एका कचेरीची गाडी चालवली होती. त्या काळात साहेब सतरा झाले, ड्रायव्हर एकच. निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांनी ही छोटी पांढरी गाडी घेतली आणि गल्लीनं त्यांचं नाव ड्रायव्हरसाहेब ठेवलं. त्यांना ते आवडलं. काकूही क्लास लावून शिकल्या, पण काका गाडीत असले की स्टिअरिंग त्यांच्याकडेच. कुणी गाडीचं कौतुक केलं की त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "चौतीस वर्षं, एक ओरखडा नाही." हे वाक्य काकूंनी इतक्यांदा ऐकलं होतं, की पाहुणे आले की त्याच आधी म्हणून टाकत.

आणि आता? दोन महिन्यांपूर्वी भाजी आणायला म्हणून गेले ते चाळीस किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर सापडले. गाडी चालू, काच खाली, आणि पंपावरच्या मुलीला विचारत होते, "बाळ, मी कुणाला न्यायला आलोय?" डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गाडी बंद, आजपासून. काकांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली, बाहेर आले आणि म्हणाले, "चल, गाडी काढतो."

किल्ली लपवून पाहिली. त्यांनी घर उलटंपालटं केलं, काकूंना चोर म्हणाले, मग त्याच चोराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. बेचाळीस वर्षांच्या संसारात काकूंनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. किल्ली मुकाट्यानं परत दिली. लेकीनं फोनवर अक्कल शिकवली, बॅटरीची वायर काढून ठेव. ठेवली. काकांनी बॉनेट उघडलं आणि दोन मिनिटांत जोडून टाकली, वर काकूंनाच म्हणाले, "बघ, वायर ढिली होती. तू होतीस म्हणून ठीक, नाहीतर अडकलो असतो." डोकं विसरत होतं, हात काही विसरायला तयार नव्हते. त्या हातांना न उघडणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे किल्लीच्या मुठीतली तांदळाएवढी चिप, जिच्यावरून गाडी किल्ली ओळखते.

तरीही काकूंनी हे केलं नसतं. नवऱ्याच्या पाठीमागे त्याचीच गाडी त्याच्यावर उलटवायची म्हणजे काय! पण तीन आठवड्यांपूर्वी शाळेच्या फाटकापाशी सायकलवरच्या एका मुलीला गाडी लागली. दहा वर्षांची पोर. गुडघा खरचटला, हँडल वाकलं, एवढ्यावर निभावलं. काका घरी येऊन शांतपणे पेपर वाचत बसले. खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या लेखी काही घडलंच नव्हतं. शेजारीण सांगायला आली तेव्हा काकूंच्या पायाखालची जमीन सरकली. तेव्हापासून त्यांना रात्रंदिवस ती सायकल दिसे. आज गुडघा होता, उद्या काय?

"पुसल्या जुन्या," किल्लीवाला म्हणाला. "आता पहिली द्या."

काकूंनी आपली किल्ली दिली. ती फिरली, लाल दिवा क्षणभर थांबला. मग नवी. गाडीनं तीही ओळखली आणि खुशीत एकदा हॉर्न वाजवला.

"अहो, हे काय!" काकू जवळजवळ ओरडल्याच. "आवाज होतो हे सांगायचं नाही का आधी!"

"एवढ्याशा आवाजानं काय होतंय काकू?"

काय होतंय? लग्नानंतर बायकोचा आवाज ओळखायला ज्या माणसाला आठवडा लागला, तो आपल्या गाडीचा हॉर्न झोपेत ओळखतो, ते होतंय. पडदा हलला, कडी वाजली. काका दारात आले. केस विस्कटलेले, एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात काकूंची.

"कोण आहे रे गाडीत?"

किल्लीवाला अर्धा बाहेर आला. "किल्ली करतोय काका. नवीन."

"अस्सं." काका सावकाश पायऱ्या उतरले. गाडीपाशी आले की त्यांची पाठ आपोआप ताठ होई, तशी झाली. त्यांनी वाकून मशीन पाहिलं, लाल दिवा पाहिला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मग माझी नको का?" ते म्हणाले. "सगळ्या समोर लागतात, नाहीतर जुनी मरते. ऑफिसच्या शेवटच्या गाडीला मी उभं राहून करून घेतलंय हे. थांब." त्यांनी खिशाची पिन काढली. पिन पहिल्याच झटक्यात निघाली. तळहातावर किल्ली ठेवून त्यांनी हात पुढे केला. "ही घे."

सकाळी काय खाल्लं ते ज्या माणसाला आठवत नाही, त्याला नेमकं हेच आठवावं!

किल्लीवाल्यानं चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. किल्लीकडे पाहिलं, मग काकूंकडे.

"काकू, बाजारात हरवलेली ती हीच का?"

काकूंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. मशीनवर प्रश्न आला होता: आणखी किल्ली आहे का? खाली दोन चौकोन, हो आणि नाही. बाजूला आकडे साठपासून उतरत होते.

"मिनिटभर थांबतं हे," किल्लीवाला हळूच म्हणाला. "मग आपलं आपण बंद होतं. घालू का काकांची? मी विचारल्याशिवाय काही करणार नाही."

हो म्हटलं तर ती सायकल. नाही म्हटलं तर हा पुढे केलेला हात. काकूंनी दोन महिने या माणसाशी खोटंच बोलून दिवस काढले होते. गाडी सर्व्हिसिंगला दिलीय, पेट्रोल संपलंय, रस्ता खणलाय. आता खोटंसुद्धा संपलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुमची घालायची नाही. ती हरवली असं याला मीच खोटं सांगितलं. तुम्ही झोपलात तेव्हा मुद्दाम बोलावलं याला."

"का?"

"शाळेपाशी तुमच्या गाडीनं एका मुलीला पाडलं. सायकलवर होती."

"मी?" काका हसले. "चौतीस वर्षं, एक..."

"पाडलंत. तुम्हाला आठवत नाही. दोष नाही देत मी, पण पाडलंत." काकूंचा आवाज फाटला. "मला भीती वाटते हो. तुम्ही फाटकाबाहेर पडलात की परत येईपर्यंत मी श्वास घेत नाही. तुमच्यासाठी घेत नाही, आणि रस्त्यावरच्या प्रत्येक पोरासाठी घेत नाही."

काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, त्याचं काय करायचं ते त्यांना कळेना. मग ते गाडीच्या पुढे गेले. बंपरवर डाव्या कोपऱ्यात बोटभर लांब, निळ्या रंगाची रेघ होती. सायकल निळी होती. त्यांनी अंगठ्यानं ती पुसून पाहिली. ती जाणारी नव्हती.

"लागलं का तिला?"

"गुडघा खरचटला."

"नक्की? माझ्यापासून लपवू नकोस."

"नक्की. मी जाऊन बघून आले. उड्या मारतेय."

"वीस सेकंद," किल्लीवाला पुटपुटला, आणि बोललो म्हणून त्याचं त्यालाच वाईट वाटलं.

काका सरळ झाले. "हिची लागते ना?" त्यांनी किल्लीवाल्याला विचारलं, चौतीस वर्षं गॅरेजवाल्यांना विचारत आले त्याच सुरात.

"लागते काका. दोन्ही लागतात."

"मग पुरे. 'नाही' दाब."

किल्लीवाल्यानं दाबलं. लाल दिवा विझला. काकांनी आपली किल्ली परत खिशात टाकली आणि पिन लावली. "ही राहू दे माझ्याकडे," ते म्हणाले.

किल्लीवाला वायर गुंडाळू लागला. "गाडी मात्र झकास ठेवलीय काका."

"हो," काका म्हणाले. पुढचं नेहमीचं वाक्य आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नऊला दवाखान्यात जायचं होतं. साडेआठला काकू आंघोळ करून बाहेर आल्या तर घर रिकामं, दार सताड उघडं. धावत खिडकीशी गेल्या. काका ड्रायव्हरच्या सीटवर होते. किल्ली फिरली, दिवे लागले, लाल कुलूप लुकलुकलं. इंजिन गप्प. पुन्हा फिरवली. गप्प.

विसरले. कालचं सगळं पुसलं गेलं होतं. काकूंनी चौकट घट्ट धरली. म्हणजे ती मुलगी, ती निळी रेघ, हे सगळं आज पुन्हा सांगायचं? उद्या पुन्हा? रोज सकाळी या माणसाला नव्यानं मोडायचं? त्यापेक्षा कालचं खोटं बरं होतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

काका उतरले. बॉनेट उघडून बॅटरीच्या वायरी हलवून पाहिल्या, फ्यूज पाहिले, बॉनेट लावलं. फडकं घेऊन पुढची काच पुसली. पुसत पुसत खाली बंपरपर्यंत आले, डाव्या कोपऱ्याशी थांबले आणि बराच वेळ तिथंच वाकून राहिले. मग फडकं घडी करून ठेवलं, गाडीला वळसा घातला, आणि ज्या सीटवर त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना बसवलं त्या बाजूच्या सीटवर बसले. पट्टा ओढून घेतला. तो लावायला त्यांना वेळ लागला, त्या बाजूनं कधी लावला नव्हता ना.

काकू बाहेर आल्या. आठवलं की नाही, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही.

"उशीर झालाय का हो?"

"झालाच आहे. तू दुसऱ्या गिअरच्या वर जाणार नाहीस, म्हणजे आणखी होईल." काका समोर पाहत होते. "आरसा बघ आधी. पाय क्लचवर. घाई नाही करायची."

काकूंनी आरसा सारखा केला, किल्ली लावली. बाजूला काकांनी खिशाची पिन काढली, आपली किल्ली मुठीत घेतली आणि तिचं टोक गुडघ्यावर टेकवलं. काकूंनी किल्ली फिरवली तशी त्यांनीही आपली फिरवली, बरोबर तेवढीच.

इंजिन लागलं.

"झाली बघ," काका म्हणाले.