दोन रजिस्टरांतला सोनबा

वासुदेवराव एका जागी दोन मिनिटं टिकतील तर शपथ. खुर्चीत बसले, उठले, खिडकीपाशी गेले, परत येऊन टेबलावरचं हजेरीचं रजिस्टर उघडलं आणि मिटलं. कमलाबाईंनी आणून ठेवलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली. अहो, झालंय तरी काय, असं त्यांनी दोनदा विचारलं, तर नवरा "काही नाही" म्हणून खेकसला. काही नाही कसलं, सकाळपासून जिवाची नुसती घालमेल चालली होती. आणि सगळं स्वतःच्याच हातानं केलेलं, दोष द्यायचा कुणाला?

१९५७चा फेब्रुवारी चालू होता. परीक्षेचे फॉर्म नागपूरला जायचे होते, म्हणून वर्ध्याच्या त्या कॉलेजात चार वाजेपर्यंत सगळ्या प्राध्यापकांची रजिस्टरं ऑफिसात पोचायला हवी होती. वासुदेवराव बी.एस्सी.ला गणित शिकवत. जुलैपासून त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर सोनबा मडावी नावाचा मुलगा बसायचा. आर्वीकडच्या जंगलातल्या गोंड वस्तीतला, बाप जंगलू लाकूडतोडीच्या कामावर. रजिस्टरात त्याचं नाव नव्हतं. ऑफिसातले बाबू वेंधळे, विसरले असतील, असं धरून वासुदेवरावांनी आपल्या हातानं यादीच्या तळाशी नाव लिहिलं आणि रोज हजेरी लावत गेले. पोराला विचारावं हे काही त्यांना सुचलं नाही. सगळा वर्ग माना खाली घालून बसलेला असताना जो उठून फळ्यावरचं उदाहरण सोडवतो, तो गणिताचा नाही तर काय संस्कृतचा असणार?

बरं, एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण डिसेंबरात प्राध्यापकांच्या सभेत प्रस्ताव आला, की मुलांना आपल्या विषयाबाहेरच्या एका वर्गात बसायची मोकळीक द्यावी. झालं, वासुदेवराव तावातावानं उठले. असली धरसोड करून पोरं ना इकडची राहतात ना तिकडची, म्हणाले; आमच्या सोनबाकडे बघा, एक गणित धरून बसला आणि कुठल्या कुठे गेला. प्रस्ताव पडला. वासुदेवराव त्या दिवशी छाती काढून घरी आले होते.

आणि आज सकाळी इतिहासाचे भैय्याजी स्टाफरूममध्ये येऊन शेजारी बसले. हजेरीची बेरीज करताना त्यांनी पोराला विचारलं तेव्हा उलगडा झाला होता. सोनबा मडावी त्यांचा निघाला, बी.ए.चा! इतिहासाचे निम्म्याहून जास्त तास नेमके गणिताच्या वेळी. इतिहासात हजेरी शंभरात बेचाळीस, आणि पंचाहत्तरच्या खाली परीक्षेला बसता येत नाही. भैय्याजी मायाळू माणूस, त्यांनी तोडही काढून आणली होती. पोरगा आजारी होता असं ओळखीचा डॉक्टर लिहून देईल, प्रिन्सिपॉल तेवढं माफ करतात. वासुदेवरावांनी फक्त आपल्या रजिस्टरातलं नाव खोडायचं, नाहीतर आजारी पोरगा रोज गणिताला कसा हजर? पोराचं वर्ष वाचेल आणि तुमचंही नाक शाबूत राहील, असं ते हळूच म्हणाले. सगळ्यांच्याच सोयीचं होतं, तरी वासुदेवरावांचा हात काही उचलत नव्हता.

तीनच्या सुमारास भैय्याजींनी पाठवलेला सोनबा दारात येऊन उभा राहिला. गणितच हवं होतं तर फॉर्मात का नाही लिहिलंस, असं वासुदेवरावांनी त्याला दरडावून विचारलं. ऑफिसच्या खिडकीतल्या बाबूनं आपल्याकडे पाहिलं आणि न विचारताच बी.ए. लिहिलं, असं तो म्हणाला. त्याला वाटलं, असंच असते.

"मग इतिहास आवडत नाही तुला?"

"आवडते न, सर. पन इतिहास मी पुस्तकातून वाचून घेतो. गनित वाचून नाई समजत मले. कोनी समोर करून दाखवलं का समजते."

वासुदेवरावांनी टाक उचलला. नाव खोडतो, डॉक्टरचा कागद घेऊन ये, म्हणाले. सोनबा उघड्या पानाकडे पाहत राहिला.

"नका खोडू, सर. मी बिमार नव्हतो. एवढे दिवस तुमच्या वर्गात बसलो, ते बसलोच नाई म्हनाचं?"

"वर्ष जाईल, वेड्या. शिष्यवृत्ती बंद होईल."

"मालूम आहे," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही.

वासुदेवरावांना आधी त्याचा राग आला आणि मग स्वतःची लाज वाटली. या पोराचं सगळंच जात होतं. त्यांची जाणार होती ती चारचौघांतली ऐट, आणि तेवढ्यासाठी ते सकाळपासून येरझाऱ्या घालत होते.

पावणेचारला रजिस्टर काखेत मारून ते प्रिन्सिपॉलसमोर उभे राहिले. सभेत ज्या पोराचा दाखला दिला तो गणिताचा नाहीच, मी चुकलो, तो प्रस्ताव आता मी मांडतो, असं एका दमात सांगून टाकलं. प्रिन्सिपॉलांनी सगळं ऐकून घेतलं. प्रस्ताव पुढच्या वर्षी घेऊ, म्हणाले. पण या फॉर्मवर सही करता येणार नाही, नियम विद्यापीठाचा आहे. वासुदेवरावांनी हात जोडून पाहिले, तरी सही झाली नाही.

बाहेर व्हरांड्यात सोनबा उभा होता. वासुदेवरावांनी त्याला सांगितलं, पण त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर त्यांना झाला नाही. सोनबानं बाहीनं डोळे पुसले.

"वसतिगृहात मार्चपावतर राहू देतात, सर. मंग जंगलात, बापासंगं," तो म्हणाला. "आता हजेरीचं भेव नाई राह्यलं. तोपावतर रोज तुमच्याच वर्गात येऊ का?"