आगाऊ आभार

सारजाबाईंनी मरायचं ठरवलं होतं, पण ओढ्यातून जायचं नाही असंही ठरवलं होतं, आणि या दोन ठरावांच्या मधोमध गावच्या ख्रिस्त्यांचा पाळक शांतवन अडकला होता.

"पाळकबुवा, म्या तयार हाय," म्हातारी खाटेवरून सांगायची. "पर सरळ वाटंनं न्या. आमच्या धन्याचं झालं तसं माझं व्हायला नगं."

धन्याचं झालं होतं ते असं. कळंब-वाशीकडच्या त्या गावात ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांचीही दफनाची जागा माळाच्या चढावर, एका बांधाच्या अल्याडपल्याड. तिकडं जाणारी वाट बलभीमराव पाटलांच्या रानाच्या कडेनं. एका साली पाटलांच्या लक्षात आलं, की वर्षातून चार-दोन वेळा मेलेल्या माणसांनी वापरावी म्हणून एवढी काळी जमीन रिकामी पडली आहे. त्यांनी वाट नांगरली, जवारी पेरली आणि दोन्ही तोंडांना बाभळीचे काटे रचले. तेव्हापासून मयतं ओढ्यातून जात. सारजाबाईंच्या नवऱ्याच्या वेळी खांदेकऱ्यांचे पाय घसरले आणि म्हातारा चिखलात उताणा पडला. जन्मभर आंघोळीला नाही म्हणणारा माणूस, त्याला शेवटी दोनदा धुवावं लागलं.

गाव यावर पुष्कळ हसलं. शांतवनही हसला, पण घरी येऊन जेवला नाही.

त्यानं तहसिलीत अर्ज दिला. चौकशी चालू आहे असं उत्तर आलं. चौकशी वाटेपेक्षा लांब निघाली. मग तो मशिदीत मकबूलचाचांकडं गेला. चाचा गावचे पेशइमाम, दाढी मेंदीनं लाल.

"चाचा, तुमचे जनाजेबी चिखलातनंच जातात. दोघं मिळून पाटलाला बोलू."

"बेटा," चाचा म्हणाले, "पोलीस ॲक्शनच्या त्या गडबडीच्या सालापासून आम्ही अल्लाकडंसुद्धा हळू आवाजात मागतो. पाटलाकडं काय मागावं?"

शांतवन आल्या वाटेनं परत निघाला. त्याचे स्वतःचे लोक तरी कुठं मोठ्यानं मागत होते? मांगवाड्यानं धर्म बदलला होता. पत्ता तोच राहिला होता.

अशात शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन निघालं. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, जिल्हा परिषदेच्या निवडणुका तोंडावर. पाटलांना तिकीट हवं होतं, म्हणून उपमंत्री येणार होते. बीडीओ साहेबांनी कार्यक्रमात सर्वधर्म प्रार्थना घातली. पाटलांनी हरकत घेतली नाही. देव कुठल्याही धर्माचा असो, तो निवडणुकीला उभा राहत नाही.

तरी त्यांनी शांतवनला बोलावून बजावलं, "हे बघ शांतवन्या, दोन मिंटात आटपायचं. गाऱ्हाणं गायचं न्हाय."

"गाऱ्हाणं कशाला, पाटील? आमी देवाचे आभार मानतो."

हे तो अगदी खरं बोलला. त्या वेळी त्याच्या मनात तेवढंच होतं.

उद्घाटनाच्या दिवशी महांतप्पा जंगमांनी संस्कृत श्लोक म्हटले. कुणालाच काही कळलं नाही, त्यामुळं सगळे प्रसन्न झाले. मकबूलचाचांनी अरबीत दुआ मागितली. तीही कुणाला कळली नाही, आणि सर्वधर्मसमभाव उत्तम चालला आहे असं उपमंत्र्यांच्या चेहऱ्यावर दिसू लागलं. बीडीओ साहेबांचा हिशेब चुकला तो पुढं. ख्रिस्त्यांची प्रार्थना मराठीत असते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती पाठ केलेली नसते, हेही नाही.

"डोळे मिटू या," शांतवन म्हणाला.

उपमंत्र्यांनी मिटले. म्हणून पाटलांनी मिटले. म्हणून गावानं मिटले.

"हे दयाळू स्वर्गीय पित्या, या खोलीबद्दल तुझे आभार. पाहुण्यांची जीप खड्ड्यात अडकली नाही, याबद्दल आभार." मांगवाड्यातून "आमेन" आलं. शांतवन आता आटपणारच होता. पण मिटल्या डोळ्यांसमोर त्याला म्हातारा दिसला, चिखलात उताणा. आणि जीभ आपल्या आपण पुढं निघाली.

"आणि बापा, आमच्या बलभीमराव पाटलांच्या मनाला तू स्पर्श केलास. आमची आणि मुसलमान भावांची दफनाची वाट त्यांनी पुन्हा मोकळी करून दिली. पिकाचं नुकसान सोसलं. असा मोठ्या काळजाचा माणूस तू या गावाला दिलास, बापा, याबद्दल लई लई आभार!"

"आमेन!" मांगवाडा गरजला. मशिदीच्या बाजूनं "आमीन" आलं, आणि ते हळू आवाजात नव्हतं.

पाटलांनी एक डोळा उघडला. शेजारी उपमंत्री डोळे मिटून मान डोलावत होते. पाटलांनी डोळा परत मिटला. दुसऱ्याच्या देवाशी चाललेलं बोलणं मध्येच तोडायचं कसं, याची रीत त्यांना ठाऊक नव्हती.

भाषणात उपमंत्र्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून पाटलांना घातला. "सामाजिक न्याय म्हणजे काय, ते इथं येऊन बघा," असं ते म्हणाले. पाटील हात जोडून उभे होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते कशाचं हे शांतवननं ओळखलं.

त्या संध्याकाळी सारजाबाईंनी त्याला फैलावर घेतलं. "काटे हायेत तिथंच हायेत. देवाम्होरं खोटं बोललासा व्हय?"

"खोटं न्हाय, आजी. मागितलं की मिळालंच असं समजावं, ही आपली शिकवण. म्या आगाऊ आभार मानले."

"आन न्हायच मिळालं तर?"

हा प्रश्न शांतवनलाही पडला होता. सकाळी काटे जागच्या जागी दिसले. तो पाटलांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"म्या कवा म्हणलो रं वाट देतो?" पाटील ओरडले.

"तुमी न्हायच म्हणलासा. म्या देवाला म्हणलो."

"मग घे म्हणावं त्याच्याकडनंच!"

"त्यासाठीच आलो, पाटील. येत्या रविवारी कळंबला आमची मोठी सभा हाय. पंचवीस गावचे ख्रिस्ती येतेत. तिथं पुन्हा तुमचे आभार मानावे म्हणतो. उपमंत्री साहेबांनाबी बोलावणं गेलंय. समदे मिळून वाट बघाया येऊ म्हणतेत."

 शिव्या देणारी, पाया पडणारी, कोर्टात खेचणारी माणसं पाटलांनी पाहिली होती. आभार मानून मारणारा हा पहिलाच.

"आभार पुरं झाले," ते म्हणाले. "गडी लावतो."

दुपारी गडी काटे ओढू लागले. पाटील स्वतः बांधावर उभे, कोवळी जवारी उपटताना बघवत नव्हतं तरी बघत. मकबूलचाचाही येऊन काटे ओढू लागले. एवढ्यात काठी टेकत सारजाबाई आल्या. खाटेवरची म्हातारी उठून आलेली बघून गडी थांबले.

"आजी, तुमी कशाला?" शांतवन म्हणाला.

"माझी वाट म्या बघू नगं?"

वाट मोकळी होत गेली तसतशी म्हातारी तिच्यावरून चालत माळापर्यंत गेली. नवऱ्याच्या शेजारची जागा काठीनं ठोकून बघितली आणि परत आली. पाटलांसमोर उभी राहिली.

"अजून एक हात रुंद करा, पाटील."

"मयतीला एवढी रुंद वाट कशाला गं?"

"जाताना पुरतीया. म्या यायचं बोलते."

"यायचं?"

"पाळकबुवाच सांगतेत, शेवटल्या दिवशी समदे मेलेले उठणार. आमचे धनी, म्या, चाचांचे समदे लोक, एकाच टायमाला. तवा काय पुन्हा ओढ्यातनं येऊ?"

पाटलांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी मान हलवली. कयामतीबद्दल त्यांचंही मत तेच होतं.

पाटलांनी उरलेल्या जवारीकडं, मग शांतवनकडं बघितलं.

"म्हंजे तवर ही वाट मोकळीच ठेवायची?"

"व्हय, पाटील," शांतवन म्हणाला. "आन नेमका दिवस आमच्यात कुणालाच ठावं न्हाय."